मेणाचं नाक

सकाळी मागचं दार उघडलं आणि वारा डोंगराकडनं आला, तोंडावरनं कोरडा कागद फिरवावा तसा, आणि मी कडी हातात धरून तशीच उभी राहिले. शाळेत भूगोलात होतं ते, खारे वारे आणि मतलई वारे, समुद्राकडून येतो तो खारा, जमिनीकडून जातो तो मतलई. बाई फळ्यावर समुद्र काढायच्या आणि आम्हाला बाण काढायला सांगायच्या, माझे बाण नेहमी उलटे यायचे. आठवीनंतर शाळा सुटली, बाण तसेच राहिले. आता चुकत नाहीत. आता मला ओठांवरून कळतं. मतलई कोरडा झाला की आधी ओठ फुटतात, मग टाचा, माडाच्या झावळ्या सळसळायच्या त्या खडखडायला लागतात, दोरीवरचा टॉवेल पापडासारखा उभा राहतो. आणि माझ्या सेलूचं नाक फुटतं.

लोकांना हे दिवस आवडतात. आंबा मोहरलेला, काजूला बोंडं धरलेली, पहाटे चादर ओढून घ्यावी एवढी थंडी, आणि समुद्र असा निळा की किनाऱ्यावर आलेले पाहुणे नुसते उभे राहून फोटो काढत बसतात. मला नाही आवडत. मोहराचा वास आणि रक्ताचा वास माझ्या डोक्यात एकाच खोलीत राहतात, एकाला हाक मारली की दुसरा पण बाहेर येतो.

शिकलेली माणसं घोळणा फुटला म्हणतात. आम्ही नाक फुटलं म्हणतो, मडकं फुटल्यासारखं.

सेलू म्हणजे सेलिना, माझी एकुलती. ती पहिलीत होती ते वर्ष मी विसरत नाही. तिचा बाप नेल्सन तेव्हाही गोव्याला हॉटेलात कामाला होता, पंधरा दिवसांनी यायचा, घरात आम्ही तिघी, मी, सेलू आणि माझी सासू, तिला आम्ही सगळेच मांय म्हणतो, गावपण म्हणतं. सकाळी सेलू पेज खायला बसली होती आणि मी चुलीकडे पाठ करून तिची वेणी घालत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मम्मी, पेजेत आगळ कित्या घातलंस?"

मी पुढे वाकून बघितलं. पांढऱ्या पेजेत लाल थेंब, खरंच कुणी कोकमाचं आगळ टाकल्यासारखा, आणि मी बघते तोवर दुसरा पडला, मग तिसरा, मग मोजता येईनात.

मी ओरडले असणार, कारण मांय विहिरीवरनं कळशी टाकून आली आणि शेजारची सुलूवहिनी कुंपणातनं आली, दारातनं नाही. मांय म्हणाली, "मान वर कर गो, वर वाशांकडे बघ." सुलूवहिनी म्हणाली, "कांदो फोड, कांदो हुंगव तेका." मग ती स्वतःच म्हणाली, "टाळूर पाणी घाल." आम्ही तिन्ही केलं, एकदमच केलं, पोर मान वर करून वाशांकडे बघतेय, नाकाशी फोडलेला कांदा, डोक्यावर कळशीभर पाणी, आणि ती गटागट काहीतरी गिळतेय, ते रक्त होतं हे मला कळत नव्हतं. सुलूवहिनी हसत होती, ती कशालाही हसते, म्हणाली, "पुरे गो, रगात ऱ्हवतला बाजूक आणि चेडूच व्हावन जातला."

थोड्या वेळाने थांबलं. आम्हाला वाटलं, आमच्यामुळे थांबलं.

मग मांयने ठरवलं की ही गरमी. गरमी हा शब्द आमच्याकडे सगळ्याला पुरतो, तोंड आलं तर गरमी, पुळी आली तर गरमी, पोर हट्ट करतं तर गरमी. अंडं बंद, बांगडा बंद, सकाळी धण्याचं पाणी, दुपारी कोकमाचं सरबत, रात्री पायाला खोबरेल. सेलूने एक दिवस ताट सरकवून विचारलं, "मगे मी खाव काय, वारो?" मांयला हसू आलं पण बांगडा तिने दिला नाही.

नाक आपलं फुटतच राहिलं. अंगणात, शाळेत, झोपेत. शाळेत एकदा बाकावर पडलं आणि तिथपासून पोरं तिला कोकम म्हणायला लागली. कोकम इला, कोकम इला. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "डब्यात कोकम घालू नको माका." मी कारण विचारलं नाही, शेजारच्या पोराने आधीच सांगितलं होतं.

आता विचार करते तर वाटतं, त्या दिवसांत मी श्वास पूर्ण घेतच नव्हते. भांडी घासताना एक कान तिच्याकडे. ती शिंकली की हात थांबायचे. नाकाला बोट लावलेलं दिसलं की मी अशी हाक मारायचे की ती दचकायची. बाकीच्या आया म्हणायच्या, एवढा काय गो, सगळ्या पोरांचा फुटता. आणि ते खरंच होतं, फुटतंच, सुलूवहिनीच्या मुलाचं पण फुटायचं, तो बाहीला पुसायचा आणि परत खेळायला जायचा. सेलूचं बाहीने पुसून भागायचं नाही. तेवढा फरक मला दिसत होता, पण त्या फरकाला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

मग तो करेजमातला शुक्रवार. करेजम म्हणजे आमचे उपासाचे दिवस, ईस्टरच्या आधीचे. दर शुक्रवारी चर्चमध्ये खुर्साची, म्हणजे क्रुसाची, वाट असते, भिंतीवरच्या एकेका चित्रापाशी थांबायचं, उभं राहायचं, गुडघ्यावर बसायचं, परत उठायचं. दुपार नुकती उतरलेली, पंखे होते पण वारा गरम, मेणबत्त्यांचा धूर. सेलू माझ्या पुढे उभी होती, मांय मागे. गुडघ्यावर बसताना तिची मान पुढे झुकली आणि मला फरशीवर थेंब दिसला, मग तिने दोन्ही हात नाकाशी नेले आणि बोटांच्या फटीतनं यायला लागलं.

बायका धावल्या. चांगल्या बायका, सगळ्यांनी आपापले रुमाल दिले. आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "वर बघ बाय, देवाकडे बघ." कुणीतरी हनुवटीखाली हात घालून तिचं तोंड वर केलं. आणि ती बघत होती, माझी पोर, वर वेदीवरच्या खुर्साकडे डोळे लावून, आणि तिचा गळा हलत होता, गटक, गटक. बाहेरून थांबल्यासारखं दिसलं. बायका म्हणाल्या, "बघ, देवान ऐकला."

पायऱ्यांवर आलो आणि ती ओकली. काळं, लाल, काळजाच्या तुकड्यांसारख्या गुठळ्या. पायऱ्या पांढऱ्या. एक म्हातारी मागे सरली आणि म्हणाली, "तोंडातसून रगात, छातीचा दुखणा आसतला." बाकीच्यांनी आपली पोरं जवळ ओढली. मी तिला उचललं आणि रस्त्याला धावले, रिक्षात बसल्यावर बघितलं तर पायात चप्पल नव्हती, मांय मागनं धावत आली ती माझ्या चपला हातात घेऊन.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्याच वयाची असेल, घाटावरची, बोलणं पुस्तकातलं. तिने आधी सेलूला खुर्चीवर ताठ बसवलं, मग पुढे वाकवलं, तोंडाखाली भांडं दिलं.

"मान वर कोणी करायला सांगितली?"

मांय म्हणाली, "सगळ्यांनीच."

"हे पोटातलं रक्त नाही. नाकातलंच तिने गिळलंय, तेच ओकली. मान नेहमी पुढे. तोंडात आलं तर थुंकू द्यायचं." मग तिने माझा हात धरला आणि सेलूच्या नाकावर ठेवला. "इथे हाड लागतंय? त्याच्या खाली या. मऊ लागतंय तिथे. दोन्ही बाजूंनी दाबा, अंगठा आणि बोट. बाळा, तू तोंडाने श्वास घे. आता दहा मिनिटं सोडायचं नाही. मध्ये उघडून बघायचं नाही."

ती दुसऱ्या पेशंटकडे वळली. दहा मिनिटं. मी आयुष्यात कितीतरी तास कशाकशाची वाट बघितलीय, बसची, पावसाची, नेल्सनच्या फोनची, पण ती दहा मिनिटं संपेनात. मी जरा बोट उचललं.

"बघितलंत," ती पाठ फिरवूनच म्हणाली.

"नाही."

"बघितलंत. आता परत पहिल्यापासून."

मांयला ती आवडली. घरी गेल्यावर सुद्धा मी काही अर्धवट केलं की मांय तिच्यासारखं शुद्ध बोलायची, "परत पहिल्यापासून."

पण डॉक्टरीण तेवढ्यावर थांबली नाही. तिने सेलूच्या नडग्या बघितल्या. हे निळे डाग कसले? मी म्हटलं, खेळते, पडते. दात पडला तेव्हा रक्त किती वेळ होतं? मी म्हटलं, दुसऱ्या दिवसापर्यंत. मग ती एकदम माझ्याकडे वळली, "तुमची पाळी किती दिवस असते?" सासूसमोर, आणि तिथे एक पुरुष पट्ट्या गुंडाळत बसला होता त्याच्यासमोर. मी खाली बघून सांगितलं. तिने परत विचारलं, एवढे दिवस? दर वेळी? बाळंतपणात काय झालं होतं? आणि घरात आणखी कुणाला?

मी म्हटलं, "आमच्या घरातल्या बायकांचं रक्त पातळच आहे, डॉक्टर."

मी ते सांगितलं ते जसं नेहमी सांगितलं जातं तसं. जरा मान वर करूनच सांगितलं.

माझं माहेर दोडामार्गाकडे, काजूच्या बागांत. आमच्या घरच्या बायका गोऱ्या, नितळ, हातावरच्या निळ्या शिरा दिसतात. लोक म्हणायचे, पातळ रगात म्हणान रंग उजळ. माझं लग्न ठरवायला मांय आली होती तेव्हा माझ्या मावशीने हेच सांगितलं होतं, चहा देता देता, "आमच्या चेडवांचा रगात पातळ, बघा रंग कसो." मांयने मान डोलावली होती. जसं कुणी सांगावं की आमच्या घरात सगळ्यांचे केस लांब. बोट कापलं तर दिवसभर गळायचं, तर म्हणायच्या, पातळ आसा ना. पाळीत चार दिवसांच्या जागी दुप्पट दिवस जायचे, तर पातळ. आणि माझी आई माझ्या भावाच्या वेळी गेली, भाऊ जन्मला, रडला, त्याला पुसून गुंडाळलं, आणि तिचं रक्त खळलं नाही. मी दारात उभी होते. आतून एक बाई बाहेर आली आणि दुसरीला म्हणाली, "पातळ होता, गेला." तेवढंच. मी किती वर्षं ते तसंच धरून होते, पातळ होतं म्हणून गेलं, पाणी उतारावरून जातं तसं, त्यात विचारण्यासारखं काय.

रक्त तपासायला गोव्याला पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला, त्या दिवसांत मतलई सुटलेला असायचा आणि मी दाराला गोणपाट लावून ठेवायचे, वारा घरात येऊ नये म्हणून, मांय म्हणाली वेडी झालंस काय. उत्तर आलं की रक्त गोठायला जे लागतं ते सेलूच्या रक्तात जन्मापासून कमी आहे. घराण्यातनं येतं. बहुतेक माझ्यातनं, माझ्यात माझ्या आईतनं.

मी विचारलं, कधी बरं होईल. डॉक्टरीण म्हणाली, "बरं होणार नाही. सांभाळता येईल." मी परत विचारलं, शब्द बदलून, म्हटलं मोठी झाल्यावर जाईल ना. ती म्हणाली, "मोठी होईल तेव्हा जास्त जपावं लागेल. पाळी यायच्या सुमाराला आधीच घेऊन या."

नेल्सनला फोनवर सांगितलं. त्याच्या मागे ताटांचे आवाज येत होते.

"गोळ्यो घेवन बरा होयत ना?"

"नाय."

ताटांचे आवाज येत राहिले.

"तुझ्याकडसून इला?"

"होय."

"बरां," तो म्हणाला. मग म्हणाला, "जेवलंस?"

दुसऱ्या मुलाचं आम्ही त्याआधी बोलायचो. नंतर नाही बोललो. कुणी कुणाला नको म्हटलं नाही, विषयच उठून गेला.

घरात मग त्या उन्हाळ्यात सगळं बदललं, बारीकसारीक. सेलूची नखं दर रविवारी कापायची, अगदी मुळाशी. ओठांना लावतात ती जेली नाकाच्या आत, पुढेच, करंगळीच्या टोकाने, सकाळी आणि झोपताना. मिठाच्या पाण्याचे थेंब, मेडिकलमधनं. खिडकीला ओली लुंगी. पंखा सरळ अंगावर नाही. नाकात कापूस घालायचा नाही, काढताना परत फुटतं. थांबल्यावर शिंकरायचं नाही, गरम चहा नाही, ओझं उचलायचं नाही, नाचायचं नाही. अंगदुखीची कुठलीही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, मांयच्या डब्यातली तर नाहीच. दोनदा नीट धरून पण थांबलं नाही, किंवा डोकं आपटलं, किंवा ती पांढरी पडली, तर वाट बघायची नाही, रिक्षा. मी हे सगळं करत होते आणि रोज खिडकीची लुंगी दुपारपर्यंत खडखडीत वाळायची. वाऱ्याला मी काय करणार. तो डोंगरावरनं निघायचा तेव्हा त्याला माहीत पण नसेल की इथे एक नाक आहे.

दहा मिनिटांचं मात्र जमेना. घड्याळाकडे बघितलं की माझा हात ढिला पडायचा. मांय म्हणाली, "घड्याळ बघू नको. तेर्स धर." तेर्स म्हणजे आमची संध्याकाळची जपमाळ, मणी सरकवत नमान मारिये म्हणायचं. पण मांय जपमाळ अशी म्हणते की सुलूवहिनी कुंपणाच्या पलीकडनं म्हणायची, "मांयचो तेर्स म्हणजे शेवटची एसटी धरूक धावल्यासारखो." म्हणून मी हळू म्हणायचे, शब्द शब्द सोडवून. सेलू पुढे वाकलेली, तोंडाने श्वास घेतेय, मी म्हणतेय, मांय उत्तर देतेय. आणि तरी रक्त थांबायचं नाही, दर वेळी एका ठरावीक जागी परत सुरू व्हायचं. किती दिवस कळलं नाही का. मग मांयनेच पकडलं. दहा मणी झाले की शेवटी माझा उजवा हात आपोआप कपाळाकडे जायचा, खुर्स काढायला. लहानपणापासूनचा हात, त्याला कोण थांबवणार. नाक सुटायचं आणि मला पत्ता नसायचा.

"डाव्या हातान धर," मांय म्हणाली. "उजवो देवाचो."

तेव्हापासून मी डाव्या हाताने धरते.

ईस्टर झाल्यावर मांयने आंगवण केली, नवस. सेलूला गोव्याच्या एका फेस्ताला, चर्चच्या जत्रेला नेऊन मेणाचं नाक वाहायचं. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहतात, हात तर हात, मूल हवं तर मेणाचं बाळ. आम्ही तिघी पहाटेच्या बसने गेलो. चर्चच्या बाहेर दुकानं होती, मेणाचे पिवळट हात, पाय, डोळे, गळा, सुताला टांगलेले. मांयने विचारलं, "नाक आसा?"

दुकानवाली म्हणाली, "नाक कोण घेता बाये? नाकाक लागान कोण फेस्ताक येता?"

"आमी इलंव," मांय म्हणाली.

नाक नव्हतं. मग अख्खा चेहरा घेतला, बायकी चेहरा, डोळे मिटलेले, नाक सरळ आणि छान. मांयने तो पिशवीत घातला, पदराने गुंडाळून, आणि आम्ही रांगेत उभ्या राहिलो. रांग उन्हात होती. कितीतरी वेळ होती. पुढे आल्यावर मांयने चेहरा बाहेर काढला तर उन्हाने मेण मऊ झालेलं, पिशवीतल्या जेवणाच्या डब्याचा कोपरा लागून नाक एका बाजूला चपटं झालेलं.

मांयने अंगठा आणि बोट लावलं, आणि हाडाच्या खाली, मऊ तिथे, दोन्ही बाजूंनी दाबून ते नाक हळूहळू सरळ करायला लागली. आणि त्याच उन्हात, त्याच रांगेत, सेलूचं फुटलं. मी तिला पुढे वाकवलं, डाव्या हाताने धरलं. आम्ही दोघी तशा उभ्या, मांयच्या हातात मेणाचं नाक, माझ्या हातात पोरीचं, मागचे लोक म्हणतायत, "फुडें चल गो." सेलूने खाली वाकूनच तोंडाने विचारलं, "मांय, तेचा खंय रगात येता?"

मांय एवढी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मी पण हसले. त्या सगळ्या उन्हाळ्यात मी तेवढीच हसले असेन.

चेहरा वाहिला. बाकीच्या हातापायांच्या ढिगात तो पडला, नाक जरा वाकडंच राहिलं होतं. पुढच्या वर्षी हा वारा परत आला आणि सेलूचं नाक परत फुटलं. मी मांयला विचारलं, यंदा फेस्ताला जायचं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "देवाक म्हाइत आसा. परत परत कित्या सांगूचा."

त्यानंतर किती मतलई येऊन गेले. सेलू आता माझ्या खांद्याला लागते. कोकम म्हणणारी पोरं दुसऱ्या शाळांत गेली. गेल्या महिन्यात तिचा फ्रॉक छातीत घट्ट झाला आणि मी शिवण उसवली, आत आता सोडायला कापड उरलेलं नाही. मला कळतं. तिला अजून कळलेलं नाही, किंवा कळलं असेल आणि ती बोलत नसेल. मी तिला डॉक्टरीणबाईकडे नेऊन आणलं, बाईने गोळी दिलीय, त्या दिवसांत द्यायची, आणि म्हणाली बघू, किती जातं त्यावर पुढे ठरवू. बघू. मी रात्रंदिवस तोच विचार करते. नाकाला बाहेरनं धरता येतं, अंगठा आणि बोट, मला ती जागा डोळे मिटून सापडते. ते सुरू झालं की मी कुठे धरू? कुठला हात कुठे लावू? आणि त्याच्याही पुढे, कधीतरी, कुणाच्या तरी घरात, माझी पोर आत असेल आणि बाहेर एक बाई दुसरीला काहीतरी सांगेल. मला तो विचार तिथेच थांबवता येत नाही, आणि पुढे पण नेता येत नाही.

आज सकाळी दार उघडून मी वाऱ्यात उभी होते ते त्यामुळे. मग न्हाणीच्या मागे गेले तर पोफळीला बांधलेल्या दोरीवर उशीची खोळ वाळत होती. मी धुतली नव्हती. मांय आता वाकून धूत नाही. खोळ वाऱ्याने अर्धी कडक झालेली आणि मधोमध तपकिरी गोल राहिलेला.

सेलू शाळेची तयारी करत होती, आरशासमोर, वेणी आता ती स्वतः घालते.

"खोळ कोणी धुतली गो?"

"मी."

"कधी?"

"तू चूल पेटवन विहिरीर गेलंस तेव्हा."

"रगात इला?"

"थोडा." रिबीन दातात धरलेली. "काल पण इला. परवा पण."

"माका कित्या उठवूक नाय?"

तिने रिबीन बांधली, गाठ ओढून बघितली. मग म्हणाली, "तुका उठवन काय थांबता?"

टोमणा नव्हता. तिने खरंच विचारलं, गणितातलं विचारावं तसं. मग तीच पुढे म्हणाली, "तू रडतंस, मगे मांय उठता, मगे कोणच झोपणा नाय. मी बसान धरतंय. पुढे वाकान. थांबता मगे."

"आणि नाय थांबला तर?"

"मगे उठवतलंय."

मी तिच्या हाताकडे बघितलं. नखं मुळाशी कापलेली. जेलीची डबी आरशापाशी, झाकण लावलेली. सांगायला काही उरलं नव्हतं. मी बाहेर जाऊन खोळ दोरीवरनं काढून आणली आणि तो डाग तिच्यापुढे धरला.

"कसल्या पाण्यात धुतलंस?"

"गरम. चुलीवरचा होता ना."

"रगाताचो डाग गरम पाण्यात घालूचो नाय. बसता तो, मगे जाणा नाय. गार पाणी घेवचा, मूठभर मीठ घालूचा, आणि भिजत ठेवचा. मगे चोळूचा. येळ करूचो नाय, ओलो आसताना घालूचो."

तिने कंगवा खाली ठेवला आणि नीट ऐकलं, बऱ्याच दिवसांनी माझं काही ऐकावं असं तिला वाटल्यासारखं.

"ध्यानात ठेव," मी म्हटलं. "पुढे लागतला."

"कित्याक?"

मी बादली घेतली आणि विहिरीकडे गेले, गार पाणी काढायला.